राष्ट्रध्वजाचे रंग आणि चक्राचा अर्थ

आमच्या निवासी विद्यालयाच्या आवारात दोन ध्वज आहेत. प्रार्थनागृहाच्या दारावर पंचशील ध्वज वर्षभर असतो आणि मैदानातील चौथऱ्यावर राष्ट्रीय दिनी तिरंगा चढतो. माजी विद्यार्थ्यांना तो चौथरा निश्चितच आठवत असेल. दर चौदा ऑगस्टच्या सायंकाळी त्याला चुना लावणे, भोवती रांगोळी घालणे, दोरी व कप्पी तपासून पाहणे ही कामे वसतिगृहातील मुलांकडेच असतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी, चुन्याने हात माखलेल्या पाचवीतील एका मुलाने आम्हांला विचारले, "सर, झेंड्यात आपला रंग कोणता?" त्याने कोठे तरी ऐकले होते की, केशरी रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकीच्यांचा. "मग आपण बाकीच्यांत का?" हा त्याचा पुढचा प्रश्न होता.

त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते असे : "रंगांचे राहू दे. मधले चक्र आहे ना, ते आपले." मुलगा आनंदला आणि धावत गेला. आम्ही मात्र त्या रात्री अस्वस्थ होतो. चक्र आपले म्हटले की ते इतरांचे नाही असे होते. ज्या वाटणीने त्या मुलाचे मन दुखावले होते, तीच वाटणी आम्ही आणखी एका हिश्श्याची भर घालून पुढे चालू ठेवली होती. शिक्षकाने घाईत दिलेले उत्तर विद्यार्थी आयुष्यभर जपून ठेवतात, याचा अनुभव आम्हांला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुन्हा, यथाशक्ति अभ्यास करून, देऊ इच्छितो.

रंगांना अर्थ कसे प्राप्त झाले

कापडाचा रंग स्वतः काही बोलत नाही. त्याला अर्थ माणसे देतात आणि काळाबरोबर माणसेच तो बदलतात. आपल्या राष्ट्रध्वजाचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वातंत्र्याकांक्षी भारतीयांनी अनेक ध्वज कल्पिले. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मादाम कामा यांनी समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताचा ध्वज फडकविला. १९१७ च्या सुमारास होमरूल चळवळीत डॉ. ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळक यांनी पाच तांबड्या व चार हिरव्या पट्ट्यांचा ध्वज वापरला. त्याच्या एका कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅकही होता. स्वराज्य हवे, परंतु साम्राज्याच्या चौकटीत, ही त्या वेळची मागणी त्या कोपऱ्यात स्पष्ट दिसते. ध्वज हा अशा रीतीने त्या त्या काळच्या राजकीय मनाचा आरसा असतो.

१९२१ साली बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी महात्मा गांधींपुढे तांबड्या व हिरव्या रंगांचा ध्वज ठेवला. गांधीजींनी त्यात पांढरा पट्टा आणि चरखा यांची भर सुचविली. चरख्याची मूळ सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती. या ध्वजाचा अर्थ मात्र उघडपणे समाजवार होता : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. पांढरा पट्टा सर्वांत वर होता आणि तांबडा सर्वांत खाली. संख्येने जे सर्वांत दुबळे त्यांना अग्रस्थान मिळावे आणि जे बलवान त्यांनी त्यांची ढाल व्हावे, अशी गांधीजींची त्यामागील भूमिका होती.

भूमिका उदात्त होती, पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. रंग समाजाच्या नावे लिहून दिला की ज्याला रंग मिळाला नाही तो विचारणारच, "आमचा रंग कोठे?" तसेच झाले. शीख समाजाने आपल्याही रंगाला ध्वजात स्थान मागितले. आमच्या पाचवीतील मुलाचा प्रश्न किती जुना आहे, हे येथे ध्यानात येते.

हा वाद वाढू लागला तेव्हा १९३१ साली कराची येथील काँग्रेस अधिवेशनात सात जणांची समिती नेमली गेली. तिने वाटणीची भाषाच नको म्हणून संपूर्ण केशरी ध्वज व त्यावर चरखा अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई येथे भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा व हिरवा असा तिरंगा स्वीकारला आणि त्याबरोबर एक निर्णायक गोष्ट स्पष्ट केली : या रंगांचा कोणत्याही धर्माशी वा समाजाशी संबंध नाही. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा आणि चरखा सामान्य जनतेच्या आशेचा, असा गुणवाचक अर्थ तेव्हापासून रूढ झाला.

म्हणजे त्या मुलाने जे ऐकले होते ते सर्वस्वी कपोलकल्पित नव्हते. तो १९२१ सालचा अर्थ होता आणि १९३१ साली तो विचारपूर्वक टाकून देण्यात आला होता. टाकून दिलेला अर्थ लोकांच्या तोंडी मात्र शंभर वर्षे टिकून राहिला. वाटणीची भाषा लक्षात ठेवण्यास सोपी असते; गुणांची भाषा आचरावी लागते.

२२ जुलै १९४७

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले तेव्हा संविधान सभेने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. तिच्या सदस्यांत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, चक्रवर्ती राजगोपालाचारी, कन्हैयालाल मुनशी यांच्यासमवेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही होते. समितीच्या विचारविनिमयानंतर २२ जुलै १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला आणि सभेने तो एकमुखाने स्वीकारला.

गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे समान रुंदीचे तीन आडवे पट्टे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतिनिधित्व करणारे गडद निळे चक्र. त्या चक्राची आकृती सारनाथ येथील अशोककालीन सिंहशीर्षावरील चक्राप्रमाणे. ध्वजाची रुंदी व लांबी यांचे प्रमाण सामान्यतः दोनास तीन. ठरावाचा आशय एवढाच आहे. त्यात रंगांचा अर्थ दिलेला नाही. नेहरूंनी आपल्या भाषणात या रंगांना कोणताही जातीय वा सांप्रदायिक अर्थ नाही, असे आवर्जून सांगितले. त्याच चर्चेत डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी रंगांचे जे विवेचन केले तेच पुढे पाठ्यपुस्तकांतील विवेचनाचा आधार ठरले. त्यांच्या मते केशरी रंग त्यागाचा व निःस्वार्थतेचा आहे, नेत्यांनी लाभाविषयी उदासीन राहून कार्य करावे हे तो सांगतो. पांढरा प्रकाशाचा, सत्याच्या मार्गाचा आहे. हिरवा मातीशी आणि ज्या वनस्पतिसृष्टीवर सर्व जीवन अवलंबून आहे तिच्याशी असलेले आपले नाते दर्शवितो. चक्र धर्माचा नियम सांगते. गतीत जीवन आहे आणि साचलेपणात मृत्यू आहे, हेही सांगते.

येथे दोन गोष्टींकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली चरख्याविषयी. चरखा जाऊन चक्र आले, असे आपण सहज बोलतो. परंतु ठरावाच्या शब्दांनुसार चक्र हे चरख्याचेच प्रतिनिधित्व करते. पूर्ण चरखा काढला तर ध्वजाच्या एका बाजूने तो सुलटा व दुसऱ्या बाजूने उलटा दिसे. म्हणून त्यातील केवळ चाक ठेवले गेले आणि त्या चाकाला सारनाथची आकृती दिली गेली. गांधीजींना हा बदल आरंभी रुचला नव्हता. तथापि आज आपण पाहतो तेव्हा त्या एका वर्तुळात दोन अर्थ एकत्र नांदताना दिसतात : कष्टकऱ्याच्या हाताने फिरणारे चाक आणि तथागतांनी प्रवर्तित केलेले चक्र. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे आईवडील शेतमजुरी, ऊसतोड, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे करणारे आहेत. त्यांनी ध्वजाकडे पाहताना हा पहिला अर्थही विसरू नये.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांविषयी. ध्वजावर चक्र एकट्या बाबासाहेबांनीच आणले, असे आपल्याकडील व्याख्यानांतून अनेकदा ऐकू येते. ते ध्वज समितीचे सदस्य होते, ही अभिलेखात नोंदलेली वस्तुस्थिती आहे. आणि निर्णय समितीचा व नंतर संपूर्ण संविधान सभेचा होता, हीदेखील वस्तुस्थितीच आहे. ज्या महापुरुषाने प्रत्येक विधान पुराव्यावर तोलण्यास आपणांस शिकविले, त्यांचा गौरव पुराव्याच्या मर्यादेत राहूनच करणे उचित होय. निळ्या रंगाबाबतही तेच. आपल्या चळवळीचे निळ्या रंगाशी असलेले नाते हृदयाचे आहे, ते आपण जपावे; मात्र चक्राचा निळा रंग त्या कारणाने निवडला गेला, असे मुलांना शिकवू नये.

सारनाथ येथील चक्र

आता चक्राकडे वळू. वाराणसीजवळ सारनाथ येथे, ज्याला पालि वाङ्मयात ऋषिपतन मृगदाव म्हटले आहे, आषाढ पौर्णिमेस तथागतांनी कौण्डिन्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित या पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. भोगासक्ती आणि देहदंडन ही दोन टोके टाळून जाणारा मध्यम मार्ग, चार आर्यसत्ये आणि आर्य अष्टांगिक मार्ग हा त्या उपदेशाचा गाभा आहे. या घटनेला धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात.

त्या स्थळी सम्राट अशोकाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात चुनार येथील वालुकाश्माचा स्तंभ उभारला. १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ऑर्टेल यांना त्याचे शीर्ष सापडले. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्याखाली गोलाकार पट्टी, त्या पट्टीवर हत्ती, वृषभ, अश्व व सिंह हे चार प्राणी आणि त्यांच्या मधोमध चार चक्रे. यांतीलच चक्र आपल्या ध्वजावर आहे आणि हेच शीर्ष २६ जानेवारी १९५० पासून आपले राजचिन्ह आहे. सिंहांच्याही वर एके काळी एक मोठे चक्र होते. त्याच्या अवशेषांवरून त्याला ३२ आरे असावेत, असे अभ्यासक मानतात. सिंहांच्या बळापेक्षा धम्म वरचढ, हा त्या रचनेचा अर्थ पाहताक्षणीच कळतो. सत्ता खाली आणि नीती वर, असा तो क्रम आहे.

ज्यांना सारनाथला जाणे शक्य नाही त्यांनी लोणावळ्याजवळील कार्ले लेण्यांपर्यंत तरी अवश्य जावे. तेथील चैत्यगृहाच्या समोर सिंहस्तंभ आजही उभा आहे. त्याच्याही शिरावर चार सिंह आहेत. आपल्या सहलीतील मुले तो पाहून प्रथम "नोटेवरचे सिंह!" असे ओरडतात आणि मग ते सिंह नोटेपेक्षा किती जुने आहेत हे ऐकून गप्प होतात.

सारनाथच्या स्तंभाविषयी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण आमच्या विषयासाठी ती सर्वांत मोलाची आहे. त्या स्तंभाचा खालचा भाग आजही मूळ जागी आहे आणि त्यावर अशोकाचा लेख कोरलेला आहे. त्या लेखाचा विषय फूट हा आहे. संघात कोणीही फूट पाडू नये. जो भिक्षू वा जी भिक्षुणी फूट पाडील तिला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर राहण्यास लावावे, अशी ती आज्ञा आहे. तिची एक प्रत उपासकांजवळ ठेवावी आणि त्यांनी प्रत्येक उपोसथाच्या दिवशी तिचे स्मरण करावे, असेही त्यात म्हटले आहे. ज्या स्तंभावरून आपण राष्ट्रध्वजावरचे चक्र घेतले, त्या स्तंभाने आपल्या अंगावर वागवलेला संदेश फुटीच्या विरोधातला आहे. त्या चक्राची 'हे आमचे, तुमचे नाही' अशी वाटणी करताना आम्ही नेमका तोच संदेश विसरलो होतो.

अशोकाला हा विवेक सहज लाभलेला नव्हता. कलिंगच्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष देशोधडीस लागली आणि त्याहून कितीतरी अधिक मरण पावली, असे त्याने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात नोंदवून खेद व्यक्त केला आहे. आपल्या विजयाची किंमत शिळेवर कोरून ठेवणारा राजा जगाच्या इतिहासात विरळा. बाराव्या शिलालेखात तो म्हणतो की, जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी परपंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो. त्याच्या शिलालेखांचे काही अंश मुंबईजवळ सोपारा येथेही मिळाले आहेत. म्हणजे हा आवाज त्या काळी आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता.

चोवीस आरे

ध्वजावरील चक्राला चोवीस आरे आहेत. चित्रकलेच्या तासाला मुले ते काढतात तेव्हा आम्ही त्यांना कंपास व कोनमापक देतो. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, त्यांचे चोवीस भाग केले की दोन आऱ्यांमध्ये १५ अंश येतात. एकही आरा दुसऱ्यापेक्षा लांब नाही, आखूड नाही. एक जरी वाकडा गेला तरी चक्र डोळ्यांना खुपते.

या चोवीस आऱ्यांचे अर्थ अनेक सांगितले जातात. कोणी दिवसाचे चोवीस तास म्हणतात, कोणी चोवीस सद्‌गुणांची यादी देतात. बौद्ध परंपरेत सांगितला जाणारा एक अर्थ प्रतीत्यसमुत्पादाशी जोडलेला आहे. अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण या बारा कड्या. एकीमुळे दुसरी उत्पन्न होते, असा दुःखाच्या उत्पत्तीचा अनुलोम क्रम. आणि एकीच्या निरोधाने दुसरीचा निरोध होतो, असा दुःखमुक्तीचा प्रतिलोम क्रम. बारा आणि बारा मिळून चोवीस. (या यादीतील 'जाती' या शब्दाचा अर्थ जन्म असा आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.)

अर्थ सुंदर आहे, मननीय आहे आणि आम्ही तो शिकवितो. परंतु शिकविताना हेही सांगतो की, संविधान सभेच्या ठरावात आऱ्यांचा असा कोणताही अर्थ दिलेला नाही आणि बौद्ध शिल्पांत आठ, सोळा, बत्तीस अशा निरनिराळ्या संख्यांची चक्रे आढळतात. प्रतीकाचा नोंदलेला अर्थ आणि आपण त्यात वाचलेला अर्थ, या दोहोंतील भेद ओळखता येणे ही विद्यार्थ्याच्या प्रौढत्वाची खूण होय. वाचलेला अर्थ खोटा नसतो. तो आपल्या जबाबदारीवर स्वीकारलेला असतो, एवढेच.

चक्र कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या प्रश्नाचे सर्वांत समर्पक उत्तर आम्हांला दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात सापडले. कथा अशी : दळ्हनेमि नावाचा एक चक्रवर्ती राजा होता. त्याच्या धर्मनिष्ठ राज्यामुळे त्याच्याजवळ दिव्य चक्ररत्न प्रकट झाले होते. वृद्धापकाळी ते चक्र जागेवरून ढळले, तेव्हा राजाने ज्येष्ठ पुत्रास गादीवर बसवून प्रव्रज्या घेतली. सातव्या दिवशी चक्र अंतर्धान पावले. नवा राजा दुःखी होऊन पित्याकडे गेला. पित्याने त्याला समजाविले की, बाळ, शोक करू नकोस. हे चक्ररत्न काही तुझी वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे. तू चक्रवर्तीचे आर्यव्रत आचर, मग ते तुझ्यापुढे आपणहून प्रकट होईल.

ते व्रत कोणते? धम्माच्या आधाराने सर्वांचे रक्षण करावे. सर्वांत नगरवासी व ग्रामवासी आले, श्रमण व ब्राह्मण आले, पशू व पक्षीही आले. राज्यात अधर्माला वाव देऊ नये. निर्धनांना धन द्यावे. आणि हित कशात आहे हे सुज्ञांना वेळोवेळी विचारीत जावे.

त्या मुलाने व्रत पाळले व चक्र परत आले. पुढे पिढ्या उलटल्या आणि एक राजा असा निघाला की, त्याने इतर सारे काही केले, परंतु निर्धनांना धन दिले नाही. सुत्तात यापुढील घसरण मोठ्या तर्कशुद्धतेने सांगितली आहे. धन न दिल्याने दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. चोरीला मृत्युदंड दिला तेव्हा लोकांनी शस्त्रे घडविली. शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य. एका चुकीच्या धोरणाने समाज पायरी पायरीने खाली उतरत गेला. अडीच सहस्र वर्षांपूर्वीच्या या परंपरेने गुन्ह्याचे मूळ माणसाच्या जन्मात शोधले नाही, राज्यकर्त्याने दुर्लक्षिलेल्या दारिद्र्यात शोधले, हे लक्षणीय आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी जो इशारा दिला तो या सुत्ताच्या जवळ जाणारा आहे. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत आणि ती शक्य तितक्या लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची ही इमारतच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता हे आपले तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसने घेतलेले नाही. ते आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे. धम्म हा माणसामाणसांतील सम्यक् संबंध आहे, एकट्या माणसाला त्याची गरज नसते, हा त्यांच्या ग्रंथातील विचारही येथे आठवतो. या दृष्टीने पाहिले असता ध्वजावरील चक्र आणि संविधानाची उद्देशिका या एकाच आशयाच्या दोन अभिव्यक्ती वाटू लागतात. एक निरक्षर माणसालाही दुरून दिसते. दुसरी वाचून समजून घ्यावी लागते.

बैलगाडीच्या चाकाचा दृष्टांत आमच्या मुलांना चटकन कळतो. तुंबा, आरे आणि धाव हे तीनही असले तरच चाक चाक होते. तुंबा आऱ्यांना म्हणू शकत नाही की चाक माझे. धावेलाही तसे म्हणता येत नाही. चाक त्याचेच, ज्याचे ओझे ते वाहून नेते. आणि उभे करून पूजलेले चाक कोणालाही कोठे पोहोचवीत नाही.

ध्वजाजवळ उभे राहताना

अर्थाबरोबर आचारही हवा, म्हणून पालकांसाठी व माजी विद्यार्थ्यांसाठी काही नियम थोडक्यात देतो. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनुसार नागरिकांना आपल्या घरी व संस्थेत सन्मानपूर्वक ध्वज लावता येतो. हा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मान्य केले आहे. ध्वज आडवा असताना केशरी पट्टा वर असावा. उभा लावल्यास तो पाहणाऱ्याच्या डाव्या हातास यावा. ध्वज चढवावा झपाट्याने, उतरवावा संथपणे व गांभीर्याने. तो जमिनीला वा पाण्याला लागू देऊ नये, त्यावर काही लिहू नये, फाटलेला वा मळलेला ध्वज लावू नये. जीर्ण ध्वज कचऱ्यात न टाकता एकांतात, सन्मानपूर्वक, शक्यतो जाळून नष्ट करावा. राष्ट्रीय दिनाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले कागदी ध्वज गोळा करण्याची प्रथा आमच्या मुलांनी स्वतःहून सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

पंचशील ध्वज आणि राष्ट्रध्वज यांतील विवेकही पाळावा. १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकलेला निळ्या, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व मंजिष्ठ रंगांचा ध्वज जगभरातील बौद्धांचा आहे. तो आपल्या धम्माची खूण आहे. तिरंगा भारताच्या प्रत्येक नागरिकाचा आहे. दोन्ही ध्वज एकाच ठिकाणी असतील तर राष्ट्रध्वज सन्मानाच्या स्थानी असावा आणि दुसरा कोणताही ध्वज त्याच्यापेक्षा उंच वा त्याच्या बरोबरीने नसावा. हा नियम पाळण्यात आपल्या श्रद्धेस कोणताही कमीपणा येत नाही.

आता त्या मुलाला उत्तर. तो आज शिक्षण पूर्ण करून नोकरीस लागला आहे आणि ही स्मरणिका त्याच्या हाती पडेल अशी आशा आहे.

बाळ, झेंड्यात आपला असा वेगळा रंग नाही, कारण तेथे कोणाचाच वेगळा रंग नाही. तू 'बाकीच्यांत' कधीच नव्हतास. ज्या राष्ट्रात एकालाही बाकीचा म्हणावे लागत नाही, त्याच राष्ट्राची ती खूण आहे. मधले चक्र आपले आहे असे आम्ही तुला सांगितले ते अपुरे होते. ते तथागतांनी फिरविले, अशोकाने दगडात कोरले, संविधान सभेने ध्वजावर ठेवले आणि साऱ्या देशाच्या स्वाधीन केले. आपला त्यावर मालकीहक्क नाही. आपल्यावर मात्र त्याचे कर्तव्य इतरांपेक्षा कणभर अधिक आहे, कारण त्याचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तू ज्या कचेरीत बसतोस तेथे एखादा निर्धन माणूस कागद घेऊन येईल, तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी नीट उत्तर दे. चक्र तेवढे पुढे जाईल.

येत्या चौदा ऑगस्टला सायंकाळी सवड काढून ये. चौथऱ्याला चुना लावायचा आहे.